गॅस्ट्रोपॅरेसिस : जेवण पोटातच थांबून राहतं तेव्हा

जठराग्नी (धागाकर्ता)

सकाळी आठला खाल्लेला भात संध्याकाळी पाचला उलटीवाटे बाहेर पडतो आणि त्यातली शितं अजून ओळखता येतात. बहुतेक घरांत यावर आम्लपित्ताची गोळी दिली जाते, कारण पोटाची तक्रार म्हटली की आधी पित्तच आठवतं. पण नऊ तासांनी शीत शाबूत असेल तर जठराची हालचाल तपासायला हवी. वाटेत कुठेही अडथळा नसताना जठर वेळेवर रिकामं न होणं, याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. दोन घासांत पोट भरणं, जेवणानंतर तासन्‌तास गच्च वाटणं, मळमळ, उलट्या, बेंबीच्या वर दुखणं ही त्याची लक्षणं.

रुग्णाला साधारणपणे "थोडं थोडं खा, हलकं खा" एवढंच सांगितलं जातं. हलकं म्हणजे नेमकं काय हे कळायला जठराचं काम समजून घ्यावं लागतं, म्हणून आधी तेवढं मांडतो.

जठराचा वरचा भाग सैल होऊन अन्न सामावून घेतो. खालचा भाग जात्यासारखा दळतो. तिथे मिनिटाला साधारण तीन लाटा येतात. त्यांचा ताल धरणाऱ्या पेशी जठराच्या भिंतीतच असतात आणि वरून व्हेगस नर्व्हचं, म्हणजे मेंदूकडून पोटाकडे येणाऱ्या नसेचं, नियंत्रण असतं. सगळ्यात शेवटी पायलोरस हे दार. लाट येऊन आदळली की दार जवळजवळ मिटतं, एक-दोन मिलिमीटरचे कण तेवढे पुढे सोडतं आणि बाकीचं सगळं परत दळायला मागे जातं. घन अन्नाचा पहिला अंश आतड्यात पोचायलाच वीस-तीस मिनिटं लागतात. द्रवाला दळण लागत नाही, ते वरच्या भागाच्या दाबानेही उतरतं. म्हणून जातं मंदावलं तरी पातळ पदार्थ बऱ्याच जणांना जातात. आहाराचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

आणखी एक काम फारसं कुणाला माहीत नसतं. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी एक जोरकस लाट जठरातून आतड्याकडे झाडलोट करत जाते. न दळलेली सालं, धागे, बिया त्या वेळी पुढे जातात. या आजारात ही लाट अनेकदा क्षीण होते किंवा येतच नाही. मग राहिलेले तंतू एकमेकांत गुंतून गोळा बनतो. त्याला बेझोअर म्हणतात.

कारणांमध्ये मधुमेह सगळ्यांना ठाऊक आहे, विशेषतः टाइप १ आणि तोही दहा-बारा वर्षांचा झालेला. पण मोठ्या संख्येने रुग्णांत कारण सापडतच नाही. काहींना विषाणूच्या संसर्गानंतर सुरू होतो, आणि तो प्रकार पुष्कळदा काही महिन्यांत ते वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या शस्त्रक्रियेत व्हेगसला इजा होणं, पार्किन्सन्स, स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतले अवयव ताठर करणारा आजार), थायरॉइड मंदावणं हीही कारणं आहेत. आणि औषधं. औषधांवर कुणी जाणकाराने सविस्तर लिहावं, तो भाग सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे.


दशांश

औषधांचं मी लिहितो. निदानाचा शिक्का बसण्याआधी रुग्णाच्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतून एकेक तपासाव्यात, डोळ्यांचे थेंब आणि झोपेची गोळीसुद्धा.

जठर मंदावणारी मुख्य औषधं अशी : ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन ही सगळी ओपिऑइड कुळातली वेदनाशामकं (कोडीन खोकल्याच्या औषधातही असतं). पोटातल्या मुरड्यासाठी दिलं जाणारं डायसायक्लोमिन. लघवीच्या घाईसाठीचं ऑक्सिब्युटिनिन. ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुनी नैराश्यावरची औषधं. आणि आता मोठ्या प्रमाणात वापरली जाणारी सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही मधुमेहाची आणि वजन उतरवण्याची इंजेक्शनं.

यातला दुष्टचक्राचा भाग लक्षात घ्या. पोट दुखतं म्हणून डायसायक्लोमिन किंवा ट्रामाडॉल दिलं जातं, त्याने जठर आणखी थांबतं, पोट आणखी ताणतं, दुखणं वाढतं, डोस वाढतो.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळ्या गटाने या इंजेक्शनांच्या जवळच्या वाटतात, पण त्या जठराचं रिकामं होणं लक्षणीय मंदावत नाहीत. त्यामुळे इंजेक्शनाने त्रास होत असेल तर पर्याय काय, हे डॉक्टरांशी बोलण्याजोगं आहे. मनाने मात्र काहीही बंद करू नका.


अनुस्वार

उलटी होते म्हणजे गॅस्ट्रोपॅरेसिसच, हे कसं ठरवायचं? एंडोस्कोपी स्वच्छ आली की झालं का?


जठराग्नी

नाही. एंडोस्कोपीने फक्त वाटेत व्रण, गाठ किंवा आकुंचन नाही एवढं कळतं. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न दिसलं तर संशय बळावतो, पण निदान त्यावर करत नाहीत.

उलटीचं नीट वर्णन मात्र खूप काही सांगून जातं. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, मळमळ न होता, जोर न लावता घास तोंडात परत येतो, चव अजून अन्नाचीच असते आणि पुष्कळदा तो परत गिळला जातो, तर ते रुमिनेशन सिंड्रोम आहे. त्याचा उपचार पोटाने श्वास घेण्याचा सराव हा आहे, जठराच्या औषधाने ते थांबत नाही. मधले आठवडे अगदी ठणठणीत आणि मग एकदम दोन-तीन दिवस सतत उलट्या, असं ठरावीक चक्र असेल तर सायक्लिक व्हॉमिटिंग. गांजाचं रोजचं सेवन आणि गरम पाण्याने आंघोळ केल्यावरच बरं वाटणं, ही जोडी दिसली तर गांजा बंद करणं हाच उपचार.

शेवटी मोजणी हवीच. लक्षणांची तीव्रता आणि जठराचा वेग यांचा मेळ फारसा बसत नाही. भयंकर मळमळ असूनही वेग नॉर्मल असलेले पुष्कळ असतात. त्यांचा आजार फंक्शनल डिस्पेप्सियाच्या (तपासणीत कारण न दिसणाऱ्या अपचनाच्या) बाजूला जातो आणि उपचार थोडे वेगळे पडतात.


घडीव

मोजणी म्हणजे गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन. ती चुकीच्या पद्धतीने झाली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून जरा सविस्तर.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या न्यूक्लिअर मेडिसिन आणि पचनसंस्था-हालचाल या दोन शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून एक प्रमाण जेवण ठरवलं : अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा १२० ग्रॅम पदार्थ, ब्रेडचे दोन काप, ३० ग्रॅम जॅम आणि १२० मिली पाणी. एकूण सुमारे २५५ कॅलरी आणि अगदी नाममात्र स्निग्धांश. बलक शिजवतानाच त्यात टेक्नेशियमचा किरणोत्सारी अंश मिसळतात, म्हणजे तो घन भागाला चिकटून राहतो. शिजल्यानंतर वरून टाकला तर तो सुटून पाण्याबरोबर निघून जातो आणि वेग खोटाच चांगला दिसतो.

जेवण दहा मिनिटांत संपवायचं. मग लगेच, एका तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी चित्रं. दोन तासांना ६० टक्क्यांहून जास्त किंवा चार तासांना १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरात राहिलं तर रिकामं होणं मंद आहे. चार तासांचा आकडा महत्त्वाचा : ११ ते २० टक्के सौम्य, २१ ते ३५ मध्यम, ३६ ते ५० तीव्र, ५० च्या वर अतितीव्र.

काय बिघडतं? एक, दीड-दोन तासांतच चाचणी गुंडाळतात. तेवढ्यात सौम्य-मध्यम रुग्ण सुटून जातात. दोन, केवळ पाणी किंवा पातळ पेजेवर चाचणी करतात. द्रव नीट उतरतो आणि अहवाल नॉर्मल येतो. तीन, पूर्वतयारी नसते. हालचाल वाढवणारी आणि मंदावणारी दोन्ही प्रकारची औषधं ४८ ते ७२ तास आधी, डॉक्टरांना विचारून, बंद असावी लागतात. सेमाग्लुटाइडला तो कालावधी पुरत नाही, कारण त्याचं अर्धायुष्यच (शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ) सुमारे एक आठवडा आहे. त्या दिवशी सिगारेट नाही. मधुमेह्याची साखर चाचणीवेळी २७५ च्या खाली असावी, कारण नुसत्या चढलेल्या साखरेनेही जठर त्या दिवसापुरतं मंदावतं. चार, रुग्णाला उलटी झाली किंवा अर्धंच खाल्लं तरी अहवालात त्याची नोंद होत नाही.

अहवालात चार तासांची ओळच नसेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. आणि जवळ जुना अहवाल असेल तर त्यात जेवण कोणतं दिलं होतं तेही बघा.


पारिजातक

आहाराचा भाग माझ्याकडे. जठराग्नी यांनी जातं आणि दार अगदी नेमकं सांगितलं आहे, त्याच धाग्याने पुढे जाते.

पहिलं काम कणांचं. जात्याचं काम स्वयंपाकघरात करून द्यायचं. मधुमेही गॅस्ट्रोपॅरेसिसच्या रुग्णांवर २०१४ मध्ये एक यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात बारीक कणांच्या आहाराने मळमळ, उलट्या, पोट भरल्यासारखं वाटणं आणि फुगारा हे सगळं नेहमीच्या आहारापेक्षा जास्त कमी झालं. कसोटी सोपी : शिजलेला बटाटा काट्याने दाबला की तो जसा लगदा होतो, तसं प्रत्येक पदार्थाचं व्हायला हवं. दाबून नुसता चपटा झाला किंवा धागे राहिले तर तो पदार्थ या पोटासाठी अजून तयार नाही.

मिक्सरमधून काढलं म्हणजे झालं, ही चूक फार होते. शिजलेला टोमॅटो मिक्सरमधून काढून बारीक गाळणीत ओता आणि चमच्याच्या पाठीने दाबत खाली उतरवा. वर काय राहतं ते जवळून बघा : सालीच्या गुंडाळलेल्या सुया आणि बिया. मिक्सरचं पातं त्यांना कापतं, पण दळत नाही. वाटाण्याचंही तेच. वाटल्यावर गर खाली उतरतो आणि पारदर्शक टरफलं गाळणीत साचतात. या सुया आणि टरफलंच जठरात मागे राहतात. म्हणून क्रम असा : सोलणं, मऊ शिजवणं, वाटणं, गाळणं.

दुसरं, तंतू. संत्र्याच्या फाकीचा पापुद्रा, अंजीर, नारळ, मक्याचे दाणे, बटाट्याची साल, सफरचंदाची साल, कोबी, फरसबी, कच्च्या पालेभाज्या, अख्ख्या डाळींची सालं या गोष्टी बेझोअरला निमंत्रण देतात. बद्धकोष्ठ आहे म्हणून इसबगोल घेणं इथे उलटं पडतं, कारण तो पाणी शोषून फुगतो आणि जठरातच बसतो. बद्धकोष्ठावर उपचार मात्र करायलाच हवा, तुंबलेलं मोठं आतडंही वरच्या जठराला मंदावतं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून घेणं हा इथला चांगला मार्ग.

तिसरं, स्निग्धांश. आतड्यात तेल-तूप पोचलं की तिथून जठराला 'थांब' असा निरोप जातो. दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश, आणि तोही पाच-सहा खाण्यांत वाटून. पण त्यात एक बारकावा आहे. तळलेल्या घन पदार्थातलं तेल सोसत नाही, तरी दुधात किंवा पातळ पोषण-पेयात विरघळलेलं तेवढंच स्निग्ध पुष्कळांना चालतं. वजन उतरत असलेल्या रुग्णाचं सगळंच स्निग्ध तोडून टाकणं हे मोठं नुकसान आहे. आधी पातळ रूपात देऊन बघा.

चौथं, मात्रा. एका वेळी कप-दीड कप, दिवसातून पाच-सहा वेळा, मध्ये अडीच-तीन तास. दिवसभर चरत राहू नये. जेवताना घोटभर पाणी पुरे, बाकीचं पाणी मधल्या वेळात. फसफसणारी पेयं आणि मद्य नको. घन खाणं सकाळी-दुपारी, संध्याकाळी पातळ, कारण बऱ्याच जणांचं पोट दिवस सरत जाईल तसं जास्त तक्रार करतं. जेवल्यावर एक-दोन तास आडवं व्हायचं नाही, शक्य असेल तर सावकाश चालायचं.


उन्हाळी_पाऊस

पारिजातक, पातळ पेजही उलटून पडते तेव्हा काय द्यायचं? आणि किती वेळ घरी थांबायचं?


पारिजातक

तेव्हा आहाराचा विचार बाजूला ठेवून आधी पाणी आणि क्षार. ओआरएस, दर पाच मिनिटांना एक-दोन मोठे चमचे, म्हणजे तासाला साधारण २०० ते ३०० मिली होतात. भांडं तोंडाला लावून प्यायचं नाही, चमच्यानेच. ते टिकलं की गाळलेलं सूप, मग पोषण-पेय तासाला १०० मिलीच्या आसपास, मग लगदा. एक पायरी टिकली की पुढची. बहुतेकांची घाई शेवटच्या पायरीला होते : दोन दिवस बरे गेले की लगेच नेहमीचं ताट.

घरी थांबू नका, जर : बारा तासांत लघवी झाली नसेल किंवा ती गडद आणि अगदी थोडी असेल, उभं राहताना चक्कर येत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, शौच काळी झाली, पोट कडक झालं, किंवा गॅस आणि शौच दोन्ही बंद असतील. टाइप १ मधुमेहात उलट्या सुरू झाल्या तर रक्तातले किंवा लघवीतले कीटोन लगेच तपासा, आणि खाणं नाही म्हणून बेसल (दिवसभर पुरणारं) इन्सुलिन कधीही पूर्ण थांबवू नका. कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं, अशाच दिवसांत होतो.

आठवडेच्या आठवडे उलट्या होत असलेल्या रुग्णाला दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायामिन, म्हणजे बी१, द्यायचं असतं. नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. रुग्ण किती दिवस उपाशी आहे हे नातेवाइकांनी आवर्जून सांगावं.

दातांचंही सांगते. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण घासून निघतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरायची, ब्रश अर्ध्या तासाने.


घडीव

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी वेळेचं गणित वेगळं मांडायला हवं. ते चुकलं की आहार कितीही बारीक वाटला तरी साखर वेडीवाकडी पळते.

लिस्प्रो, ॲस्पार्ट ही जलद इन्सुलिनं दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू करतात आणि एक-दोन तासांत शिखरावर येतात. जेवण मात्र जठरात अडकलेलं. मग पहिल्या तासा-दीड तासात साखर कोसळते. चार तासांनी अन्न एकदाचं आतड्यात उतरतं तेव्हा इन्सुलिन ओसरलेलं असतं आणि साखर ३०० च्या घरात जाते. चढलेली साखर जठराला आणखी मंदावते, म्हणून पुढचं जेवण त्याहून उशिरा उतरतं. जेवणानंतर लगेच साखर कमी आणि तीन-चार तासांनी खूप जास्त, हा नकाशा वारंवार दिसला तर उलटी नसली तरी जठराचा संशय घ्यावा.

डॉक्टरांशी बोलण्याजोगे मार्ग : जलद इन्सुलिन जेवणाआधी न घेता जेवणानंतर घेणं, किती खाल्लं आणि किती टिकलं ते बघून. काहींना जुनं रेग्युलर इन्सुलिन चांगलं जमतं, कारण त्याचं शिखर दोन ते चार तासांना येतं. इन्सुलिन पंप असेल तर डोसचा काही भाग लगेच आणि उरलेला दोन-तीन तासांत पसरून देता येतो. सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर इथे विशेष कामाचा, कारण बोटावरच्या सुईने हा चढउतार निसटतो.


अनुस्वार

मग साखर उतरली की जे ग्लुकोज तोंडाने देतो, तेही जठरातच अडकणार ना?


घडीव

अडकू शकतं, आणि धोका तोच आहे. ग्लुकोज जठरातून शोषलं जात नाही, ते आतड्यापर्यंत पोचावं लागतं. म्हणून उपाय नेहमी पातळ : १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजून. चॉकलेट, बिस्किटं, दूध नको, स्निग्धाने उशीर होतो. साखर उतरल्यावर शरीर स्वतःच जठराचा वेग थोडा वाढवतं, ती मदत मिळते. तरी दोनदा देऊन आकडा हलत नसेल, उलटी होत असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर तोंडाने काही घालू नका. ग्लुकागॉनचं इंजेक्शन किंवा नाकातला फवारा घरात असावा आणि घरातल्या दोघांना तरी तो देता यावा. ग्लुकागॉनने उलटी होते, त्यामुळे दिल्यावर रुग्णाला लगेच कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा.


दशांश

आता जठर हलवणारी औषधं. इथे गैरसमज जास्त आणि धोकेही खरे.

मेटोक्लोप्रामाइड : अमेरिकेत खास या आजारासाठी मान्य असलेलं औषध. ५ ते १० मिग्रॅ, जेवणाआधी अर्धा तास. २००९ मध्ये तिथल्या औषध नियामकाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला : बारा आठवड्यांपेक्षा जास्त सलग वापर टाळा, कारण टार्डिव्ह डिस्कायनेशिया (चेहरा, जीभ, हातपाय आपोआप हलत राहण्याचा विकार) होऊ शकतो आणि तो कायमचा राहू शकतो. युरोपच्या नियामकाने तर २०१३ मध्ये वापर पाच दिवसांपुरता आणला आणि या आजारासारख्या दीर्घ वापरातून ते काढायला सांगितलं. घरच्यांनी काय बघायचं? रुग्ण काही बोलत नसताना ओठ चुटचुट हलणं, जीभ गालाच्या आतून फिरणं, पुन्हापुन्हा डोळे मिचकावणं, बसल्या जागी पाय हलवत राहणं. रुग्णाला स्वतःला ते पुष्कळदा कळत नाही. दिसताच डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

डॉम्पेरिडोन : मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे हालचालींचे दुष्परिणाम कमी. पण ईसीजीतलं क्यूटी अंतर वाढतं, म्हणजे हृदयाची लय धोकादायक रीतीने बिघडू शकते. सुरू करण्याआधी ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बघावं. उलट्यांनी पोटॅशियम आधीच घसरलेलं असतं, हे विसरतात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, केटोकोनॅझोल यांच्याबरोबर ते घ्यायचं नाही. युरोपात २०१४ पासून मर्यादा १० मिग्रॅ तीनदा आणि तीही साधारण एका आठवड्यापुरती. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढून स्तनातून स्राव किंवा पाळी अनियमित होऊ शकते.

लेव्होसल्पिराइड : यानेही प्रोलॅक्टिन वाढतं आणि हातापायांचा कंप, ताठरपणा येऊ शकतो. हे आणि डॉम्पेरिडोन काही ठिकाणी आम्लरोधकाबरोबर एकाच गोळीत मिळतं, आणि पित्ताची गोळी म्हणून वर्षानुवर्षं घेतलं जातं. पाकिटावरची सगळी नावं वाचा.

एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक असूनही मोटिलिन या संप्रेरकाच्या जागी चिकटतं आणि जठराला जोरात आकुंचन देतं. तीव्र झटक्यात उपयुक्त, पण दोन ते चार आठवड्यांत शरीर सरावतं आणि परिणाम ओसरतो. प्रुकॅलोप्राइड मुळात बद्धकोष्ठासाठीचं, जठराचा वेगही वाढवतं. दोन्ही तक्रारी असलेल्यांना उपयोगी.

ऑन्डॅनसेट्रॉन मळमळ थांबवतं, जठर हलवत नाही, आणि बद्धकोष्ठ करतं. ते वाईट औषध नव्हे, फक्त त्याच्याकडून काय मिळणार हे माहीत असावं.

गोळ्यांच्या रूपाबद्दल एक : जठर थांबलेलं असताना गोळीही थांबते. पार्किन्सन्सची लेव्होडोपा आतड्यात पोचल्यावरच शोषली जाते, त्यामुळे तिचा परिणाम उशिरा किंवा अर्धवट येतो. शक्य तिथे द्रव, जिभेवर विरघळणारं किंवा त्वचेवर चिकटवायच्या पट्टीचं रूप मागा. पोटॅशियम क्लोराइडची सावकाश विरघळणारी गोळी अशा रुग्णाला देऊच नये, ती एकाच जागी पडून भिंतीला जखम करते. द्रव पोटॅशियम मिळतं.


उन्हाळी_पाऊस

पोटात गोळा तयार झाला, म्हणजे बेझोअर, तर कोला प्यायल्याने विरघळतो असं वाचलं. खरं आहे का?


जठराग्नी

वनस्पतीच्या तंतूंच्या गोळ्यावर कोलाचा उपयोग झाल्याची वैद्यकीय नोंद भरपूर आहे, पण तो रुग्णालयात, एंडोस्कोपीच्या जोडीने. घरी नको. कारण अर्धवट फुटलेला तुकडा पुढे जाऊन लहान आतड्यात अडकला तर शस्त्रक्रिया लागते. मधुमेह्याच्या साखरेचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

औषधं आणि आहार दोन्ही पुरत नसतील तेव्हाचंही लिहून ठेवतो. न ठरवता तीन ते सहा महिन्यांत वजन ५ ते १० टक्के उतरलं, तर नळीने पोषणाचा विचार व्हायला हवा, "अजून थोडं बघू" म्हणत वाट बघायची नाही. आधी नाकातून थेट लहान आतड्यात नळी टाकून काही दिवस चाचपतात : तासाला १०-२० मिलीने सुरुवात करून हळूहळू वाढवायचं. आतडं हे सोसत असेल तर पोटावरून आतड्यात कायमची नळी बसवतात आणि रात्री पंपावर पोषण देऊन दिवस मोकळा ठेवता येतो. नळीचं टोक पायलोरसच्या पुढेच असावं. जठरात सोडलेली नळी इथे अडलेल्या जागीच पाणी ओतते. शिरेतून पोषण हा शेवटचा उपाय, कारण रक्तात जंतुसंसर्गाचा आणि गुठळीचा धोका.

दार सैल करण्याचा मार्ग म्हणजे जी-पोएम. एंडोस्कोपने जठराच्या अस्तराखालून बोगदा करून पायलोरसचा स्नायू कापतात. माणसावरचा पहिला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये ४१ तीव्र रुग्णांवर खोट्या (स्नायू न कापता केलेल्या) प्रक्रियेशी तुलना झाली : सहा महिन्यांनी यश ७१ टक्के विरुद्ध २२ टक्के. चाचणी लहान आहे, पण निदान तुलना तरी झाली. त्याच दारात स्नायू सैल करणारं बोट्युलिनम टोचणं मात्र दोन लहान तुलनात्मक चाचण्यांत खोट्या इंजेक्शनाहून सरस ठरलं नाही. विद्युत उत्तेजक यंत्र पोटाच्या कातडीखाली बसवतात. त्याने मळमळ-उलट्या कमी होतात, रिकामं होण्याचा वेग फारसा बदलत नाही. अमेरिकेत २००० पासून त्याला मर्यादित स्वरूपाची परवानगी आहे.


अनुस्वार

दुसऱ्याच कारणासाठी भूल द्यायची असेल तर? रात्री बारानंतर उपाशी, एवढं पुरतं का?


घडीव

पुरत नाही. आठ तास उपाशी राहूनही या जठरात घन अन्न असू शकतं, आणि भूल देताना ते घशात येऊन फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. शस्त्रक्रियेच्या अर्जावर फक्त "मधुमेह" लिहू नका, "जठर उशिरा रिकामं होतं" हे शब्द लिहा आणि भूलतज्ज्ञांना तोंडीही सांगा. आदल्या २४ तासांत फक्त पातळ आहार ठेवण्याची सूचना ते देऊ शकतात. सकाळी पोटावर अल्ट्रासाउंड लावून जठर रिकामं आहे का ते बघता येतं. नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, किंवा पोट भरलेल्या रुग्णाला देतात तशी, श्वासनलिकेत झटपट नळी घालून भूल देतात. सेमाग्लुटाइडसारखं आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कोणत्या तारखेला आणि किती घेतला, हेही लिहून न्या. डोस नुकताच वाढवला असेल किंवा अजून मळमळ असेल, तर ते आधी सांगा.


पारिजातक

त्याच कागदावर दोन ओळी आणखी लिहा : शेवटचं घन खाणं कधी आणि काय, शेवटची उलटी कधी आणि तिच्यात काय दिसलं.